होल्डवरची सायकल

आमच्या कारखान्यातल्या क्वालिटीवाल्या काकांनी जन्मात कुठल्या वस्तूला सरळ 'पास' म्हटलं असेल, यावर माझा विश्वास नव्हता. आलेला माल तपासून त्यावर पास, रिजेक्ट किंवा होल्ड अशी चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. पण त्या पिवळ्या होल्डच्या चिठ्ठीवर त्यांचा असा काही जीव जडला होता की कारखान्यातलं हे दुखणं ते बोईसरच्या बाजारातही घेऊन फिरत. पापलेटचा कल्ला उचलायचा, वास घ्यायचा आणि 'होल्ड' म्हणून पुढच्या पाटीकडे सरकायचं. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, "तुमचा होल्ड सुटंतवर माजी मासली कुजल." तर हे शांतपणे म्हणाले, म्हणजे माझी शंका बरोबर होती. लेकीला आलेलं स्थळ त्यांनी इतके महिने होल्डवर ठेवलं की मुलामुलीने कंटाळून आपापसातच तारीख ठरवली.

कंपनीची बस बंद झाली तेव्हा मी जुनी सायकल बाहेर काढली. काका शेजारीच राहायचे. नवी सायकल पसंत पडेपर्यंत तुमच्या मागे बसतो, म्हणाले आणि आठ महिने बसले. मी पुलाच्या चढावर घामाघूम व्हायचो आणि मागून हे माझ्या चेनचा आवाज कसा सदोष आहे ते समजावून सांगायचे. एकदाही उतरले नाहीत. शेवटी त्याच चढावर माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी तीन महिने सायकल बंद केली, चालणंही बेताचंच ठेवायला सांगितलं. पहिल्या पाळीच्या वेळी शेअर रिक्षा भरत नाही आणि रोज स्पेशल रिक्षा करण्याइतकी माझी ऐपत नाही. मी कंत्राटी कामगार. सोमवारी आला नाहीस तर तुझ्या जागी दुसरा माणूस घेतो, असा कंत्राटदाराचा निरोप आलेला.

अशा वेळी शनिवारी काका दारात उभे. म्हणे, मला सायकल घ्यायची आहे, तुम्ही चला. माझी नोकरी चाललीय आणि यांना खरेदी सुचतेय! पण माझा जुना घोळ असा की मला वेळेवर नाही म्हणता येत नाही. लंगडत रिक्षात बसलो. बोईसरची तीन दुकानं झाली, मग पालघर. काका मागचं चाक उचलून फिरवत, नखाने तारा वाजवत, खिशातला व्हर्नियर काढून कॅरियरच्या सळीची जाडी मोजत. आणि प्रत्येक सायकलच्या कॅरियरवर मला बसवत. मी बसायचो, हे खाली वाकून सळी वाकते का बघायचे, 'होल्ड' म्हणायचे आणि मला उठवायचे. सातव्यांदा उठलो तेव्हा गुडघ्याबरोबर डोकंही ठणकत होतं. पालघरचा दुकानदार मला हळूच म्हणाला, "काकांना नक्की सायकल पायजे हाय, का नाय?" मी म्हटलं, मला विचारू नका, मी इथे वजनकाट्याचं काम करतोय.

शेवटी कोपऱ्यातली एक काळी, अवजड, दूधवाले वापरतात तसली सायकल त्यांनी ओढून काढली. मला बसवलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "पास."

माझा तोल सुटला. काडीपैलवान माणूस तुम्ही, हे धूड पुलावर चढवणार कसं, असं मी भर दुकानात विचारलं. काका व्हर्नियर पुसत होते.

"मला एकट्याला न्यायला कुठलीबी चालली असती," ते म्हणाले. "तुमाला घेऊन जायचं हाय. सोमवारी साडेपाचला खाली या. उशीर करू नका."

इतका वेळ ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

तीन महिने अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाने मला वाहिलं. चढावर त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. मी उतरू लागलो की खेकसायचे, हलू नका, तोल जातो. माझी नोकरी टिकली. गुडघा बरा झाला, आणि लगेचच काका निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले.

आता मी माझ्या सायकलवरून एकटाच जातो. मागे कुणी नाही, चेनला कुणी नावं ठेवत नाही. पुलाच्या चढावर सायकल अगदी हलकी चालते. ती हलकी चालते, याचाच मला रोज राग येतो.