हलकी पिशवी

गाय ढेकरांतून मिथेन किती सोडते याचा अंदाज बांधायचा, तर ती चरते काय ते आधी कळावं लागतं. आमच्या संशोधन गटासाठी ते काम बार्शीटाकळीचे एक गुराखीकाका करतात. गाईशेजारी वाकून चालतात, ती तोडेल तेवढाच घास हातानं खुडून पिशवीत टाकतात. तिनं मान वर केली, की तेही थांबतात. "घे माय, सावकाश," म्हणतात.

एकदा पिशवी फारच हलकी भरली. मीच म्हटलं, "काका, दोन मुठी अजून टाका ना. तपासणीला पुरायला हवं."

"तिनं खाल्लंच नाई, ते मी काहून टाकू, म्याडम?" पिशवीला गाठ मारत काका म्हणाले. "तिले आज भूक नोयती, तसं लिवा."

मी तसंच लिहिलं. आता आमच्या आकड्यांवर कुणी शंका घेतली, की मी ताठ मानेनं पहिली तीच नोंद उघडून दाखवते.