खाणीवरचं तण

आमच्या घरात तंबाखू पिकायची, आणि तंबाखूवाल्याच्या घरात गवत म्हणजे पाप. त्या काळी निपाणीकडच्या कुठल्याबी चांगल्या रानात जाऊन बघा, काळ्या मातीवर हिरवा कोंब दिसेल तो तंबाखूचाच. दुसरं काय दिसलं तर चारचौघांत मान खाली घालायची पाळी. माझे सासरे, आम्ही त्यास्नी आप्पा म्हणायचो, लग्नाच्या मांडवाकडं निघालेले असले तरी बांधावरची हरळी उपटूनच पुढं जायचे. अशा माणसाशी मी तणासाठी भांडले, आणि लई भांडले. लोक अजून त्याला माझा उद्धटपणा म्हणत्यात. म्हणू द्यात.

झालं असं. सडकेच्या खडीसाठी सरकारनं आमच्या वरच्या रानात दगडाची खाण काढली. गोऱ्या साहेबाचं राज्य, न्हाय म्हणायची सोय नव्हती. काम सरल्यावर त्यांनी खड्डे बुजवले, वर तळ्यातला गाळ पसरला आणि आप्पास्नी सांगितलं, हितं हिरवळ धरली, माती टिकली, तर जमीन परत तुमची. न्हाय धरली तर पडीक म्हणून सरकारात जाईल आणि ठेकेदार पुन्हा खाण काढील. खाणीच्या खालच्या अंगाला आमची विहीर. पुन्हा सुरुंग लागले असते तर तिचं पाणी गेलं असतं, आणि पाण्यासंगं आमचं घरदार. हिरवळ धरली का ते बघायला दिवाळी सरली की बेळगावास्नं एक अंमलदार यायचा होता. आपलाच माणूस, धारवाडकडचा, पण सगळे त्याला साहेबच म्हणायचे.

पहिल्या वर्षी दिवाळीला मी माहेरी सदलग्याला गेलते. जाताना बघून गेलते, गाळावर कुसळी गवत आलतं, तरवडाची झुडपं आलती, मधे मधे बाभळीची बोटभर रोपं. परत आले तर सगळं रान लख्ख! आप्पांनी घरातल्या एकेकाच्या हातात खुरपं देऊन अंगण झाडावं तसं ते साफ करून घेतलतं. साहेब येणार, त्याला रान नीटनेटकं दिसाय पाहिजे, हा त्यांचा विचार. साहेबानं येऊन बघितलं आणि म्हणाला, हितं तर काहीच उगवलेलं न्हाय. आणखी एक पावसाळा देतो, मग निकाल. त्यात अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि उघडा पडलेला गाळ ओढ्याला मिळाला. आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, नशिबात न्हाय आपल्या. नशीब कसलं डोंबलाचं. हातानं उपटलं ते नशिबानं गेलं व्हय? पण हे मी मनातच म्हणाले, तेवढी अक्कल मला होती.

राहिलेल्या गाळावर पुढच्या पावसात पुन्हा हिरवं आलं. माझ्या माहेरी दूधगंगेच्या काठाची दरड गवतच धरून ठेवतं, आणि त्या गवताला कुणी हात लावत न्हाय. हे मी माझ्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मला पटतंय गं, पण आप्पास्नी कोण सांगणार?" म्हणजे मीच. रोज भाकऱ्या झाल्या की मी खाणीवर जायचे. गुरं आली तर हाकलायचे, कुठं माती सरकली, कुठलं रोप जगलं, कुठलं वाळलं, सगळं वाकून बघायचे. सरकलेल्या जागी दगड लावायचे. विहिरीवर बायका म्हणायच्या, "काय गं, तुझ्या रानात साप राहायला आल्यात म्हणं?" मी म्हणायचे, "व्हय, आणि त्यास्नी दूध घालायला मी जाते."

एक दिवस आप्पा खुरपं घेऊन आले. मी बांधावर आडवी उभी राहिले. डोईवरचा पदर ढळू दिला न्हाय, पण हललेबी न्हाय.

"सर बाजूला. गाव हसतंय आपल्याला."

"हसू द्या. खुरपं घेऊन आत येऊ नगासा, आप्पा. आधी मला उपटा, मग ते."

आप्पा माघारी फिरले. त्या दिवसापास्नं माझ्याशी बोलायचे बंद झाले. पाणी पाहिजे असलं तरी दुसऱ्याला सांगून मागायचे. मला लई लागलं ते. तरी मी खाणीवर जायची थांबले न्हाय. कधीमधी आप्पाबी बांधावर येऊन रान बघून जायचे, पण हातात खुरपं नसायचं.

दिवाळी सरली, साहेब आला. गावची माणसं बांधावर गोळा झालती. कुसळं चिकटतील म्हणून साहेब खाली उतरेना. काठावरनंच छडी दाखवून म्हणाला, "हे तर नुसतं तण आहे."

मी तोंड उघडणार, तोवर आप्पा पुढं झाले. "साहेब, जलमभर मी तण उपटत आलोय. हे तण न्हवं. सुनेनं राखलेलं रान हाय हे." मग माझ्याकडं वळले. "सांग गं त्यास्नी."

बांधावरच्या त्या भांडणानंतर माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द. पण रडायला सवड कुठं होती? मी म्हणाले, "काठावरनं काय दिसणार, साहेब? खाली उतरा."

आणि उतरला की! मी त्याला सगळं रान हिंडवलं. कंबरेला आलेली बाभळ दाखवली. त्यानं बुटाच्या टाचेनं माती उकरून बघितली. मुळांच्या जाळ्यात ती घट्ट बसलेली, सुटता सुटेना. वर आल्यावर साहेब आप्पास्नी म्हणाला, "ठीक आहे. जमीन तुमची."

"माझी कसली?" आप्पा म्हणाले. "हिची म्हणा."

कागदावर आप्पांचंच नाव लागलं, ते तसंच लागायचं. पण गाव अजून त्याला माझं रान म्हणतंय, आणि मला विचारल्याबिगर त्यात कुणी पाय घालत न्हाय.