दोन डोळ्यांतले दोन ठिपके

कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला की डावा मिटावा लागतो, हे फोटोकाकांना जन्मात कधी ठाऊक नव्हतं. इतर फोटोग्राफर एक डोळा घट्ट मिटून तोंड वाकडं करतात. काका मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बटण दाबायचे. शिकायला येणारे तोंडात बोटं घालायचे. "देणगी असते एकेकाला," काका म्हणायचे, आणि मान दोन बोटं वर जायची.

दुकान एवढंसं. एक स्टूल, मागे निळा पडदा, समोर एकच मोठा दिवा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी, की आधीचे चार कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून घरी गेले होते.

काकांचं खरं कसब मात्र फोटो काढल्यावर दिसे. त्या दिव्याचा पांढरा ठिपका फोटोत प्रत्येक डोळ्यात उमटतो, दोन्हीकडे अगदी एकाच जागी. एखाद्या पोराचं नाक बसकं असलं तर ते उगीच तिरळं वाटतं, पण ठिपके बरोबर असतात. आणि एखादं दिसायला नीट, पण एक ठिपका सरकलेला. ते पोर खरोखर तिरळं. अशा वेळी काका संगणकावर बुबुळ केसभर हलवत आणि ठिपका जागेवर आणून ठेवत. पोराला कुणी चकणं म्हणू नये, एवढाच हेतू. आईबापांना पत्ताही लागत नसे.

लेकीची लेक सहा वर्षांची झाली, त्या दिवशी काकांनी तिचा फोटो काढला. तिला घरात सगळे ठकी म्हणत. संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला, तर डाव्या डोळ्यातला ठिपका कानाच्या बाजूला. हात सवयीने पुढे गेला आणि तिथेच थबकला. हे आपण आधीही केलंय. त्यांनी गेल्या वर्षीचा मूळ फोटो उघडला. तिथेही ठिपका तसाच बाजूला होता.

सख्ख्या नातीचं बुबुळ त्यांनी वर्षापूर्वी विचारही न करता सरकवलं होतं. वर तो फोटो चौकटीत घालून लेकीच्या घरी टांगला होता, आणि येणारा-जाणारा म्हणत होता, काय टपोरे डोळे आहेत पोरीचे!

दुसऱ्याच दिवशी काका, लेक आणि ठकी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसले.

तपासणी झाल्यावर बाई म्हणाल्या, "एकेका डोळ्याला सहा स्नायू असतात. हिचे बाराही ठणठणीत आहेत. पण लगाम मेंदूच्या हातात. हिला नंबर आहे. नीट दिसावं म्हणून ती जोर लावते, आणि जोर लावला की मेंदू डोळा आत ओढतो. मग दोन डोळे दोन वेगळी चित्रं पाठवतात. मोठ्या माणसाला एकाचे दोन दिसले असते. लहान मुलाचा मेंदू हुशार, तो एका डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो."

"म्हणजे डोळा बघतोय, पण..."

"पण वर दाद लागत नाही. चष्मा लावायचा, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मग मेंदूला दुसऱ्याचं ऐकावंच लागेल."

लेकीचा चेहरा उतरला. तिला पाणी द्यावं म्हणून काकांनी टेबलावरचा जग उचलला. जगाची चोच पेल्याच्या काठावर टेकली, टिंग वाजलं, मग पाणी पडलं. ठकीने आपला पेला भरला, तोही तस्साच, टिंग करून. घरात म्हणतच, आजोबांचं वळण घेतलंय पोरीने.

"काका, तुम्ही नेहमी असंच ओतता?" बाईंनी विचारलं.

पाच मिनिटांत काकांचा उजवा डोळा झाकला गेला, आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही धुक्यात गेलं. बाई म्हणाल्या, "तुमचाही एक डोळा मेंदूने लहानपणीच सोडून दिलाय. तिरळेपणा इतका थोडा, की कुणाला कळलाच नाही. दोन्ही डोळे मिळून अंतर सांगतात. तुम्हाला ते कळत नाही, म्हणून हात काठ शोधतो. आता या वयात मेंदू सहसा ऐकत नाही. हिचा ऐकेल, पण उशीर नको."

लेकीला तेवढंच पुरलं. "बघा! बाबांचं काही अडलं का? दुकान झालं, संसार झाला. मग शाळेत हिचं हसं कशाला करून घ्यायचं?"

दोघीही काकांकडे बघायला लागल्या. 'खरंच की, काय अडलं!' एवढं म्हटलं असतं तरी त्यांची देणगी शाबूत राहिली असती. मोह झालाच त्यांना.

"अडलं नाही," ते म्हणाले. "पण देणगी देणगी म्हणून मी मिरवत होतो ना, ती हीच. डोळा मुळात बंदच, तो मिटणार काय! आणि पोरी, हिचं एक वर्ष मी माझ्या हाताने घालवलंय. पट्टी लागणार."

पहिल्या दिवशी ठकीने पट्टी ओरबाडून स्टुलाखाली फेकली. काकांनी दुसरी काढली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. दुकान विरघळलं. ठकीचं तोंड कुठे आणि पडदा कुठे, कळेना. हिलाही असंच दिसत असणार, हे त्यांना आत्ता कळलं. तेवढ्यात एक बाई फोटोला आल्या.

"आबा, अजून वर! काकूंचं डोकं कापलं जातंय!" कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावून ठकी खो खो हसत ओरडली. मग काय, करार झाला. आबांची पट्टी असेपर्यंत ठकीची पट्टी. शाळेत तिने सांगूनही टाकलं, आमच्या घरात दोघांना आहे. रोज दुपारी दोन तास ती दारात बसून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायची. आधी लोहाराच्या दुकानाची मोठी, मग शिंप्याची, मग औषधाच्या दुकानावरची बारीक अक्षरंसुद्धा. काकांची लोहारापाशीही डाळ शिजली नाही.

"अजून नाही दिसत, आबा?"

"नाही गं."

"असू दे. मी वाचते ना."

सातव्या वाढदिवसाला काकांनी फोटो काढला. चष्म्याआड दोन्ही ठिपके मध्यावर होते. काकांनी कशालाही हात लावला नाही. पाणी दे गं, घसा सुकलाय, म्हणाले.

ठकीने जग उचलला. पेल्याच्या चांगला वीतभर वर.

"अगं, काठाला टेकव! सांडेल!"

"नाही सांडत. दिसतंय ना मला, पेला कुठंय ते."

काका टिंगची वाट बघत राहिले. ते काही वाजलं नाही, आणि पेला भरला.