आत्याची महिन्याची रजा

आमची आत्या वेड्यांच्या इस्पितळात होती, मुलुंडच्या पलीकडे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हे कुणाला सांगायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद. जसं काही चाळीला ठाऊकच नव्हतं! बाळंतपणात मूल गेलं, आत्याचं बोलणं बंद झालं, आणि सासरच्यांनी तिला तिथं नेऊन टाकलं. तेव्हा तिथं बायकांना साखळीनं बांधायचे.

स्वातंत्र्यानंतर तिथं नवे डॉक्टर आले. त्यांनी साखळ्या काढल्या, कोठड्या उघडल्या, बऱ्या झालेल्या बायकांना कामं दिली. आत्या स्वयंपाकघरात लागली. रोज विळीवर टोपल्या भरभरून भाजी चिरायची. एक दिवस डॉक्टरांनी बाबांना बोलावलं. "तुमची बहीण बरी आहे. महिनाभर घरी न्या. जमलं तर कायमची ठेवून घ्या."

आत्या आली. चापूनचोपून वेणी, बोलणं शांत. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, आज सोलकढी मी करते. नारळ खवायला विळी दे गं."

विळी आईनं गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली होती. सुरी, अडकित्तासुद्धा. "धार लावायला दिलीय," आई म्हणाली. त्यानंतर ती रोज भाजी घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची आणि चिरून आणायची. अहो, आत्याला काय कळत नव्हतं?

मी आईशी कडाकडा भांडले. "इस्पितळवाले तिच्या हातात विळी देतात, आणि आपण लपवतो? लाज नाही वाटत?"

आई रडायलाच लागली. "घरात लग्नाची पोर आहे गं. काही झालं तर तुला कोण करून घेईल?"

डोंबल माझं लग्न! पण बाबांनीही विळी माळ्यावरून खाली काढली नाही.

महिना संपायच्या आतच आत्या म्हणाली, "दादा, मला पोचवून ये." मी सोडून कुणीही तिला थांब म्हटलं नाही. हट्टानं मीही सोबत गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास दिला का हिनं?"

"छे, काही नाही," बाबा म्हणाले.

"मग परत का आणलंत?"

बाबांच्या आधी आत्याच म्हणाली, "दादाला रागवू नका हो. सगळे मला घाबरतात." आणि बोचकं उचलून आत निघून गेली. मी तिथंच हमसून हमसून रडले.

पुढं माझं लग्न ठरलं. बैठकीत व्याह्यांनी विचारलं, मुलीला आत्या किती? "एकही नाही," बाबा म्हणाले. आत्या तेव्हा चांगली धडधाकट होती.