रुखवतातलं अंजीर

माझ्या रुखवतात स्टीलची भांडी होती, लोकरीची तोरणं होती, साखरेच्या पाकात जोडलेलं शंकरपाळ्यांचं देऊळ होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, बीटी कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पुडीत, वीतभर काडी रोवलेली होती. पुडीवर टपोऱ्या बोंडांचं चित्र, काडीला दोन पानं. नवऱ्याकडच्या बायकांनी विचारलं, हे काय? माझी आई मान ताठ करून म्हणाली, "अंजीर हाय. आमच्यात लेकीले देतात." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यात म्हणजे ना जातीत, ना गावात. फक्त आजीनं आईला दिलं आणि आईनं मला, एवढीच ती रीत. आईच्या माहेरची विहीर आटली तेव्हा तिथलं झाड गेलं. तोवर त्याची काडी आमच्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यावर, घराच्या पत्र्याला टेकली होती. आमचं गाव बीबी या गावाहून कोसभर आत. तिथे अंजीर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं आणि आई कुणाला काडी देतही नव्हती. फळं वाटीवाटीनं वाटायची, काडी मागितली की विषय बदलायची. शेजारणी तिला चिक्कू म्हणत. तिचा नियम ठरलेला होता. काडी लेकीलाच द्यायची. पहिलं झाड आई देते, दुसरं लेकीनं तोंडानं मागायचं. "मेलं त सांगजो," लग्नाच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती. "लाजू नको. पण मांगल्याबिगर मी देणार नाही. आपल्या तोंडानं सांगतलं का माणूस दुसऱ्या झाडाले जपते."

काडी लावायची तिची पद्धत मला आजही पाठ आहे. पानं गळाली की बोटाएवढी जाड फांदी घ्यायची, चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत, दोन वर. कापलेल्या टोकाचा चीक वाहून जाऊ द्यायचा, मग ते राखेत बुडवायचं. बीटी नवीन आली होती, घरोघरी त्या चकचकीत पुड्या उकिरड्यावर पडलेल्या असत. आई त्या उचलून आणायची, बियाण्याला लावलेला रंग जाईपर्यंत तीनदा धुवायची, दाभणानं खाली भोकं पाडायची. "इखारी असते ते," म्हणायची.

मी मेहकरला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात संसार मांडला. अंगण होतं, पण सिमेंटचं. घर बदललं की जमिनीत लावू, असं म्हणत काडी पुडीतच राहिली. खरं सांगायचं तर त्या पुडीची मला लाज वाटायची, म्हणून मी ती मागच्या दारी संडासाच्या भिंतीआड ठेवली. पहिल्याच उन्हाळ्यात नणंदेच्या लग्नाला आम्ही आठ दिवस गेलो. परत आलो तर काडी वाळून कोळ झाली होती. मी ती पुडीसकट कचऱ्यात टाकली. दोन अश्रूही आले नाहीत. असली मी.

दिवाळीला आईनं विचारलं, "अंजीर कसं हाय?"

"बरं आहे," मी म्हणाले.

एवढ्याशा खोट्याचं काय, असं तेव्हा वाटलं. पण पुढच्या वर्षी तेच खोटं पुन्हा बोलावं लागलं, आणि तोवर मला लोक दुसरंच काही विचारू लागले होते. "काही हाय का?" सासरच्या, माहेरच्या, एस. टी.त शेजारी बसलेल्या, ओळख ना पाळख अशा बायकासुद्धा. काही नव्हतं. डॉक्टर झाले, उपास झाले, कुणी सांगितलं म्हणून दर्ग्यावरही जाऊन आले. काही झालं नाही. आमच्याकडे नातवंड होईपर्यंत आईबाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आईनं ही रीत पाळली. मेहकरला डोळे दाखवायला आली तरी बसस्टँडवर स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन परत गेली. मला भेटली ती स्टँडवरच. माझ्या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. तिचा मला फार राग यायचा. पण ती एकटीच अशी होती, जिनं मला "काही हाय का" असं कधीही विचारलं नाही. ती विचारायची, "अंजीर कसं हाय?" आणि जगात निदान एका प्रश्नाला मी "बरं आहे" म्हणू शकत होते. तेही मेलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मग खोटं वाढत गेलं. आम्ही स्वतःचं घर बांधलं, तेव्हा माझं झाड जमिनीत लागलं. दोन वर्षांनी त्याला फळं धरली. एकदा तर बसस्टँडजवळच्या फळवाल्या चाचांकडून अंजिराची पेटी घेतली, वरची पानं काढून फळं स्टीलच्या डब्यात भरली आणि माझ्या झाडाची म्हणून आईपुढे ठेवली. तिनं एक फळ फोडून अर्धं भावाला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. "गोड हाय," म्हणाली. भावानं आपलं अर्धं खाऊन डब्याचं झाकण लावलं.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून शेत त्याच्याच अंगावर. दर वर्षी मला न्यायला तोच यायचा. चहा प्यायचा, गाडीची वेळ विचारायचा आणि निघायचा. मागच्या अंगणात तो कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्याला कपाशीपलीकडे काही दिसत नाही, असं म्हणून मी निर्धास्त असायचे.

आणखी एक गोष्ट. दर संक्रांतीला मी माहेरी गेले की न्हाणीच्या कडेला, झाडाच्या सावलीत, एका पुडीत नवी काडी लावलेली दिसायची. आई वाणाचं सामान मांडता मांडता सहज म्हणायची, "तुह्या झाडाले जोडीदार पाह्यजे का?" मी म्हणायचे, "नको. एकच भारी झालं आहे." ती बरं म्हणायची. दिवाळीला जावं तर पुडी तिथेच, काडी वाढलेली. पुढच्या संक्रांतीला तिच्या जागी नवी.

मग ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही म्हणून सगळे गाफील. बोंड वरून हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत अळी. भावानं फवारणीमागून फवारणी केली. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, डोळे लाल. शेवटी त्यानं उभ्या कपाशीत जनावरं सोडली. गावात त्या वर्षी काय काय झालं ते सांगायला नको. आईनं घरातल्या फवाऱ्याच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या कोठीच्या खोलीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ती किल्ली मी पाहिली आहे.

त्याच दिवसांत अंजिराच्या पानांवर तांबेरा आला. दर पावसाळ्यात थोडा येतोच, पानं गळतात, नवी फुटतात. आई नुसतं बोलून गेली. भावाला वाटलं, कपाशी तर गेली, निदान आईचं झाड तरी वाचवू. त्याचा पंप मोडला होता. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत जाळायला तणनाशक मारलेला शेजाऱ्याचा पंप त्यानं मागून आणला, तीनदा पाण्यानं धुतला आणि कृषी केंद्रातून तांबेऱ्याचं औषध आणून झाडावर मारलं. चार दिवसांनी पानं आखडून वेडीवाकडी झाली. आम्हा कपाशीवाल्यांना पान आखडलं की एकच सुचतं. रोग आला, मारा फवारा. त्यानं त्याच पंपानं दुसऱ्यांदा मारलं. मग तिसऱ्यांदा. पंपातलं तणनाशक नुसत्या पाण्यानं धुऊन जात नाही, हे त्याला कृषी केंद्रातल्या माणसानं सांगितलं, पण तोवर खोडाची साल तडकली होती. आईनं जिथे जिथे हिरवं दिसलं तिथून काड्या कापून लावल्या. एकही जगली नाही.

दिवाळीला मी गेले तर अंगणात सावलीच नव्हती. भाऊ ओट्यावर बसलेला, दाढी वाढलेली. मी आले तरी उठला नाही. भाऊबिजेला ओवाळलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तीनदा धुतला होता व ताई पंप."

मी म्हणाले, "अरे, झाडच ते."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. का पाहिलं, ते कळलं नाही.

आई मला मागच्या दारी घेऊन गेली. "त्यानं कपाशीचं मनावर नाही घेतलं इतकं या झाडाचं घेतलं," ती म्हणाली. "जेवत नाही, बोलत नाही. मले भेव वाटून राह्यलं. संक्रांतीले येशील तवा तुह्या झाडाची फांदी आणजो. त्याच्या हातानं लावू. पाणी घालाले सकाळी उठन तरी."

तेव्हाही मला सांगता आलं असतं. आई, माझं झाड नाही, कधी नव्हतंच. पण तिच्या कमरेची किल्ली मला दिसत होती. मी म्हणाले, "आणते."

मेहकरला येऊन मी फळवाल्या चाचांना गाठलं. ते म्हणाले, "फळ खानारे लय येतात बाई. फांदी मांगनाऱ्या तुम्हीच पयल्या." ते ज्या बागेतून माल उचलत तिथून त्यांनी चार फांद्या आणून दिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी त्या माझ्या झाडाच्या म्हणून नेल्या. भावानं लावल्या. चार डोळे, राख, पुडी, सगळं आईनं सांगितलं तसं. त्यातल्या दोन जगल्या. एक त्यानं जुन्या झाडाच्या जागेशेजारी जमिनीत लावली आणि रोज सकाळी तो तिला पाणी घालू लागला. हळूहळू जेवू लागला. फोनवर "कशी हायेस?" म्हणू लागला.

उन्हाळ्यात पानं मोठी झाली. आमच्या अंजिराचं पान हाताच्या पंजासारखं, पण तीनच बोटांचं असायचं. याला पाच होती. आईनं एक पान तळहातावर पसरून कितीतरी वेळ पाहिलं. मी शेजारीच उभी होते.

"पान बदललं वाटते," ती म्हणाली.

"पाणी बदललं ना आई. मेहकरचं पाणी."

"हाव," ती म्हणाली. "पाण्यानं बदलते."

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. झाडाला तोवर फळ धरलं नव्हतं. तिच्या तोंडात अंजीर पडलं ते शेवटचं कोणतं, याचा मी फार विचार करते.

तिच्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जायचं मन नव्हतं, पण भाऊ न्यायला आला. घरी पोचले, हातपाय धुवायला न्हाणीकडे गेले, तर तिथे पुडी. बोंडांचं चित्र, वीतभर काडी, आई लावायची तशीच.

"ही कोणासाठी?" मी विचारलं.

"तुह्यासाठी," भाऊ म्हणाला. "पण मांगशील तरच. आई म्हने, न मांगता देऊ नको."

तो खाली बसून पुडीतली माती बोटानं सारखी करत होता.

"तुह्या घरी झाड नाही हे मी पयल्याच साली पाह्यलं होतं, ताई. पानी प्याले मांगं गेलो होतो. आईले येऊन सांगतलं. ते म्हने, तिले विचारू नको, ते सोताच मांगन. दर साली काडी लावून ठेवे. तू मांगली नाही का पुढच्या साली दुसरी लावे."

"आणि अळीच्या वर्षीची?"

"झाडाखालीच होती पुडी," तो म्हणाला. "फवाऱ्यात तेही गेली."

तेव्हा मला भाऊबिजेची त्याची ती नजर कळली. मी "झाडच ते" म्हणाले होते, आणि त्याला माहीत होतं की त्या झाडाचं दुसरं झाड या जगात कुठेही नाही. आईनं माझ्या झाडाची फांदी मागितली तीही हे माहीत असूनच; तिला फक्त भाऊ सकाळी उठायला हवा होता. बारा वर्षं दर संक्रांतीला माझ्या पायाशी ते ठेवलेलं होतं. "आई, माझं मेलं, दुसरं दे," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आजीचं अंजीर आज माझ्या अंगणात असतं, आणि त्याची फांदी मी भावाला दिली असती. पंप त्याच्या हातात होता. पण झाड माझ्यामुळे संपलं. हे मी त्याला म्हणाले.

मी ओल्या पायांनीच तिथे बसले आणि म्हणाले, "माझं झाड मेलं रे. मला दुसरं दे."

त्यानं पुडी उचलून माझ्या पदरात ठेवली. काडीला दोन पानं होती, पाच पाच बोटांची.