रेल्वेवाल्यांच्या घरचा चहा

उभ्या वाशीत कुणाच्याही बाजूचा नसलेला माणूस एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचा. रेल्वेचा अपघात झाला की त्याची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीत ते साहेब होते. पण ही कचेरी रेल्वेची नव्हे. तिचा कारभार विमानखात्याकडे. त्यामुळे सोसायटीतले लोक सुरुवातीला विमानाचं तिकीट स्वस्तात मिळेल का, असं विचारायला त्यांच्याकडे जात आणि गाड्या रुळांवरून कशा घसरतात हे तासभर ऐकून परत येत. "इंग्रजांच्या काळात आमची माणसंही रेल्वेच्याच हाताखाली होती," ते सांगत. "मग वेगळी काढली. ज्याचे रूळ त्यानंच चौकशी केली, तर चूक नेहमी मेलेल्या ड्रायव्हरची निघते." हे म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा, आणि थट्टेखोर मंडळीही तिकिटाचा विषय सोडायची.

ही अलिप्तता त्यांनी कचेरीतच ठेवली असती तर बरं झालं असतं. पण ती ते घरी आणत. वाशी निवडली तीसुद्धा तिथे तेव्हा रेल्वे नव्हती म्हणून. पुढे खाडीवरून रूळ येणार म्हणून मोजणीवाले खुंट्या ठोकू लागले, तेव्हा सगळी वसाहत पेढे वाटायच्या बेतात होती आणि हे गृहस्थ अलिबागकडे जागा बघत होते. रेल्वेतल्या माणसाकडचा चहा नाही, पान नाही, लग्नातलं जेवणही नाही. "चहा प्यायलो की सिग्नल तपासताना तो चहा आठवतो," असं त्यांचं म्हणणं. कुणाचा मेहुणा रेल्वेत निघेल याचा नेम नाही, म्हणून शेजाऱ्यांकडेही ते चहा घेत नसत. सारसोळ्याची मासेवाली वाट्यावर एक बोंबील वरून टाकायची, तो ते न चुकता परत करत, कारण तिचा मुलगा रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर. "सायब, बोंबील खाडीतला हाय, रेलवेचा नाय," ती म्हणायची. साहेब ऐकून घेत आणि बोंबील तिच्या टोपलीत ठेवून देत.

बायको लवकर गेली. एकुलत्या एका मुलीला त्यांनीच वाढवलं. तिची वेणीसुद्धा तेच घालत, आणि ती वाकडी झाली तर मान कुणी हलवली याचा निकालही तेच देत. त्या मुलीनं नेमका रेल्वेतला नवरा पसंत केला. "मुलगा चांगला आहे," ते मला म्हणाले, "खातं तेवढं वाईट." लग्न हौसेनं लावलं, पण पुढे कल्याणला तिच्या घरी जात, तेव्हा पाण्याचा घोटही न घेता परत येत. जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. तीच ही रीत असणार असं समजून व्याही त्यांचं भारी कौतुक करत. नातू झाला तसे व्याही पेढे घेऊन वाशीला आले. "आता तुमचं व्रत सुटलं. रविवारी जेवायलाच या," म्हणाले. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "मूल झालं हो, पण जावई अजून रेल्वेतच आहेत ना."

व्याही पुढे फारसे फिरकले नाहीत. मुलगी मात्र दर वेळी म्हणायची, "बाबा, रिटायर झालात की माझ्याकडेच राहायला यायचं." त्या एका वाक्यावर त्यांनी उरलेली नोकरी काढली. दिवाळीत त्यांच्या खिडकीला कंदील असायचा आणि दाराबाहेर चपलांचा एकच जोड. मला त्यांची कीव यायची, आणि रागही यायचा.

निवृत्त झाल्यावर ते पिशव्या भरून कल्याणला गेले. आता कायमचेच गेले, असं आम्ही धरून चाललो होतो. आठवडाभरात परत आले आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळे फार चांगले वागले. जावई तर माझ्यासमोर उभेच राहायचे." मग म्हणाले, "लेकीनं माझ्यासाठी पाहुण्यांचे कप काढले हो. रोज."

माझी बायको आत गेली आणि आमच्या रोजच्या, कान तुटलेल्या कपात चहा घेऊन आली. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला आणि वर गेले. त्यानंतर जिन्यात कुणाचं दार उघडं दिसलं की ते थोडे रेंगाळत. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांना 'या, चहा घ्या' म्हणायचं कुणाला सुचतच नसे.