मेहरूणचं बोर

डिंडोलीत आमच्या समोर राहणाऱ्या मावशींना हातगाडीवरची मोठमोठी ॲपल बोरं मुळीच चालत नाहीत. "नुसतं पाणी शे," असं त्या गाडीवाल्याच्या तोंडावर सांगतात, आणि तो हसतो. त्यांच्या दारात मेहरूणच्या बोराचं झाड होतं. त्याचं कलम त्यांनी जळगावहून आणलं होतं. बोरं लहान, पण पिकल्यावर साखरेसारखी गोड.

मुलाने घर वाढवायला काढलं आणि झाड आड आलं. तेव्हा एका सकाळी मावशी कोयता घेऊन थेट आमच्या अंगणात शिरल्या आणि तिथली आंबट रानबोर बुंध्यापर्यंत छाटू लागल्या. बायको ओरडतच बाहेर आली.

"घाबरू नको माय, ते परत फुटी," मावशी म्हणाल्या. हात काही थांबला नाही.

पावसाळ्यात बुंध्याला नवे धुमारे आले. त्यांवर मावशींनी स्वतःच्या झाडाचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, कापून बांधले. ते जगल्याचं दिसल्यावरच त्यांनी मुलाला झाड पाडू दिलं. ते पडलं तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याकडे बोरं पिकली. पहिलं बोर मावशींनीच तोडलं. डोळे मिटून, बी चोखून चोखून त्यांनी ते खाल्लं. आम्ही दोघं निकालाची वाट बघत उभे होतो.

"हाईच चव शे," त्या म्हणाल्या आणि एक बोर बायकोच्या हातावर ठेवलं. "खाय आते."

बायकोने ते खाल्लं आणि पुन्हा हात पुढे केला.